खिशातलं वजन

मी वजनकाटा बोलतोय. बोलतोय कसला, थरथरतोय! माझ्या काचेखालची सुई एका जागी ठरत नाही, आणि या घराचा जीव तिच्याच टोकावर टांगलेला असायचा.

मला आणलं होतं ते प्लंबरबाबांच्या सुटलेल्या पोटावर नजर ठेवायला. "अहो, हळू! मोडेल बिचारा," म्हणत त्यांची बायको, म्हणजे आमच्या बाई, हसायच्या. मग मी पलंगाखाली धूळ खात पडलो. बाबांना कर्करोग झाला आणि तो शरीरभर पसरला, तेव्हा मला पुसून बाहेर काढलं.

रोज सकाळी बाबा चढत. सुई मागे सरके, बाईंचा चेहरा उतरे. "दोन घास जास्त घेतले असते तर?" वाटी घेऊन त्या मागे लागत, बाबा तोंड फिरवत, ताट आपटलं जाई. हातात राहिलेले दिवस असे वाया चाललेले बघून मला ओरडावंसं वाटे. पण मला आकड्याखेरीज बोलता कुठे येतं?

आणि एका सकाळी सुई पुढे सरकली! बाई खुलल्या. रोज थोडी थोडी पुढेच. माझ्यावरची पावलं मात्र हाडकुळीच होती, आणि वर काहीतरी खुळखुळत होतं.

शेवटी ओझ्याने पायजमाच घसरला. खिशातून पाना आणि पितळी तोट्या माझ्यावर खणाखण पडल्या.

"अहो, अख्खं दुकान घेऊन चढता की काय?"

"तू सकाळी हसतेस ना, म्हणून गं."

हे बघून कॉलेजातली लेक चिडली. तिने तडक डॉक्टरांना फोन लावून स्पीकर सुरू केला. "आई इतकं भरवते, तरी बाबा खंगतात कसे?"

"आजारच शरीराला स्वतःचे स्नायू जाळायला लावतो. भूकही तोच मारतो," डॉक्टर म्हणाले. "नुसतं जास्त खाऊन ते भरून येत नाही. आवडेल ते, जाईल तेवढंच द्या. बळजबरी नको. यात कुणाचीच चूक नाही."

बाईंनी वाटी बाजूला ठेवली. "मला वाटलं, माझ्याच हाताला चव उरली नाही."

"हात आहे ना? तो दे इकडे," बाबा म्हणाले.

आता मी पुन्हा पलंगाखाली आहे. वर दोघं बसलेली असतात; तोट्यांवरून अजून हसतात. माझी सुई शून्यावर असूनही स्वस्थ नाही, कारण अशी ताटं किती घरांत आपटत असतील! अहो, मी पितळही तोलतो आणि माणूसही. फरक सांगता येत नाही मला. माझ्या आकड्यावरून भांडू नका. वजन बघायला दवाखाना आहे. मला खुशाल धूळ खाऊ द्या, आणि तुम्ही वर पलंगावर एकमेकांजवळ बसा.