न मांडलेला तोटा

फाटकाच्या आत गाडी लावून सरलाताईंनी सीट मागे पाडली, चष्मा काढून ठेवला आणि शेजारी बसलेल्या आशालताला म्हणाल्या, "थोडा वेळ बोलू नका हं. कामाचं नंतर बघू."

आशालताने हातातली फाइल बंद केली. ती सकाळी ऑकलंडहून निघाली होती ती फक्त सरलाताईंचा होकार घ्यायला. हॅमिल्टनला पोचल्यावर त्यांनी तिला घरात बसवलंच नाही. चहाचा थर्मास घेतला आणि थेट इथे, ग्रॅहमच्या शेतावर आणलं. समोर कुरणात गाई चरत होत्या. मागच्या टेकाडावर पवनचक्की फिरत होती. प्रत्येक फेऱ्याला वरून आवाज येत होता. आधी खरखर, मग क्षणभर काहीच नाही, मग एक लांब सुस्कारा.

सरलाताईंना झोप लागली. आशालता तो आवाज ऐकत राहिली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता.

सरलाताईंचे यजमान सुधाकरराव हॅमिल्टनच्या एका दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनीअर होते. २०१२ साली त्यांनी, शेतकरी ग्रॅहमने आणि आणखी दोघांनी भागीदारी करून ही जुनी पवनचक्की विकत घेतली आणि टेकाडावर उभी केली. कराचं काम आशालताकडे आलं. वर्षातून एकदा सुधाकरराव तिच्या ऑकलंडमधल्या, माउंट वेलिंग्टन भागातल्या ऑफिसात यायचे, ट्रॅफिक नको म्हणून फार लवकर यायचे, आणि बाहेरच्या खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागायचे. रिसेप्शनवरची मुलगी हसून आत यायची. आशालता त्यांना हलवून उठवायची.

मग ती त्यांना नियम समजावायची. भागीदारी स्वतः कर भरत नाही. नफा, तोटा, करातली सवलत, सगळं ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे भागीदारांकडे जातं. पण माणसाने स्वतःचं जितकं पणाला लावलंय, तेवढाच तोटा त्याला उत्पन्नातून वजा म्हणून मांडता येतो. पहिली काही वर्षं पवनचक्कीच्या दुरुस्त्यांतच गेली. सुधाकररावांचा तोटा त्यांच्या गुंतवणुकीच्या पुढे गेला आणि उरलेला दर वर्षी मागे पडत राहिला. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. "राहू दे मागे," ते म्हणायचे. "वारा कुठे पळून चाललाय?"

२०१६च्या हिवाळ्यात ते गेले. तेव्हापासून आशालता त्यांच्या नावामागे 'इस्टेट ऑफ' लावून, म्हणजे मृताच्या मालमत्तेच्या नावाने, कराचं विवरण भरत होती. वारा वाहत होता, वीज विकली जात होती आणि गेलेल्या माणसाच्या नावावर त्याचा वाटा येतच होता. वाटा आपल्या नावावर करून घ्या, असं तिने सरलाताईंना अनेकदा कळवलं होतं. त्या "बघू" म्हणायच्या. आता मात्र 'बघू' म्हणून चालणार नव्हतं. पवनचक्कीचं मुख्य बेअरिंग झिजलं होतं. मेकॅनिकने सांगितलं होतं की ते बदला, नाहीतर मशीन बंद ठेवा. एखाद्या वादळात पातं तुटून खाली येईल. बाकीचे भागीदार तयार होते. सरलाताईंचं उत्तर येत नव्हतं. ग्रॅहमने आशालताला फोन केला, तेव्हा तो चिडलेला नव्हता. त्या दर रविवारी येतात, गाडीत झोपतात आणि जातात, एवढंच त्याने सांगितलं, आणि आपल्याला त्यांना विचारवत नाही म्हणाला.

सरलाताई उठल्या तेव्हा उन्हं कलली होती. थर्मासच्या झाकणात त्यांनी आशालताला चहा दिला.

"घरी मला झोप येत नाही," त्या म्हणाल्या. हॉस्पिटलच्या फार्मसीत त्यांची नोकरी झाली होती. लोकांना झोपेच्या गोळ्या देण्यात जन्म गेला, पण स्वतः सरलाताईंवर त्या गोळ्यांचा काही उपयोग झाला नव्हता. "तुम्हाला माहितीये, हे गेले त्या पहाटे मला जाग कशाने आली? ह्यांचं घोरणं थांबलं म्हणून. इतकी वर्षं त्या आवाजावर चिडले, आणि तो थांबला तशी उठून बसले."

आशालताने चहा संपवून झाकण परत दिलं. मग ती कामाचं बोलायला लागली, कारण तेवढंच तिला बोलता येत होतं. वाटा सरलाताईंच्या नावावर होईल, दुरुस्तीचे पैसे त्यांनी घातले तर ते त्यांच्या नावावर धरले जातील, पुढची सवलतही त्यांना मिळेल, असं तिने समजावलं. "फक्त सुधाकररावांचे जुने तोटे, जे मांडायचे राहून गेले ना, ते मिळणार नाहीत. ते त्यांच्याबरोबरच संपले. तोटा वारसाकडे येत नाही."

सरलाताईंनी टेकाडाकडे पाहिलं. "येत नाही, असं म्हणतो होय तुमचा कायदा," त्या हळूच म्हणाल्या.

वरून खरखर आली, थांबली, पुन्हा सुस्कारा आला.

"बेअरिंग बदललं की हा आवाज जाईल?"

नाही म्हणावं असं आशालताला क्षणभर वाटलं. "जाईल," ती म्हणाली.

सरलाताईंनी थर्मास जवळ ओढला. मग चहाचं झाकण झटकून त्यांनी ते थर्मासला घट्ट बसवलं. "हे असते ना, तर एव्हाना स्वतः वर चढले असते. कुरकुरणारं मशीन ह्यांना बघवायचं नाही. मिक्सर वाजला तरी उघडून बसायचे." त्यांनी हात पुढे केला. "द्या, कुठे सही करायचीये?"

पुढच्या महिन्यात बेअरिंग बदललं. आशालताने इस्टेटचं शेवटचं विवरण भरलं आणि भागीदारांत सुधाकररावांच्या जागी सरलाताईंचं नाव घातलं. त्या दिवशी ऑफिसात बाहेरची खुर्ची रिकामी आहे ना, हे तिने उगाचच एकदा उठून पाहिलं.

त्यानंतर सरलाताईंचा फोन आला. आवाज गेल्यावर पहिल्यांदाच जायचंय, एकटीने नको वाटतंय, याल का? आशालता गेली.

गाडी त्याच जागी उभी राहिली. सरलाताईंनी सीट मागे पाडली. वर पाती फिरत होती आणि आवाज नव्हता, फक्त गवतातून वारा जात होता. सरलाताईंचे डोळे उघडे होते. त्या पात्यांकडे बघत राहिल्या आणि आशालता त्यांच्याकडे.

मागून शेतावरची चार चाकांची क्वाड बाईक येत होती. फाटकापाशी पोचण्याच्या बरंच आधी तिचं इंजिन बंद झालं. ग्रॅहमने फाटकाची साखळी वाजू नये म्हणून मुठीत गोळा करून धरली, फाटक अलगद लोटलं आणि बाईक ढकलत, गवतातून, गाडीला लांबून वळसा घालत तो निघाला. सरलाताईंची झोप मोडू नये म्हणून दोन वर्षं तो हे असंच करत आला असणार.

सरलाताईंनी आरशात त्याला पाहिलं. तो गाडीच्या बाजूला येण्याआधी त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि तो पलीकडच्या उतारावर दिसेनासा होईपर्यंत त्या तशाच, न हलता, पडून राहिल्या.