मोठ्या प्रेसवरची पाळी

हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या त्या लॉन्ड्रीत मुकादमांना सगळेच मामा म्हणत. मॅनेजरबाईंचे मात्र ते खरेखुरे मामा. वडील गेल्यावर त्यांनीच भाचीला वाढवलं, इथे चिकटवलंही. म्हणून इस्त्रीवाली मामांविरुद्ध तक्रार घेऊन आली, तेव्हा भाची पेचात पडली.

बॉयलरला खेटून असलेली मोठी प्रेस, म्हणजे चादरींना इस्त्री करायचं वाफेचं यंत्र, वर्षभर इस्त्रीवालीच्याच गळ्यात होती. आपण उलट बोलतो म्हणून मामा डूख धरतात, असं तिचं म्हणणं. हातांवर चटक्यांचे डाग होते. काही झालं नाही तर ती काम सोडणार होती, आणि घरात कमावणारी ती एकटीच.

आधीच्या साहेबांची रीत सोपी होती. दोघांना समोरासमोर उभं करायचं, हात मिळवायला लावायचे, की संपलं. मुकादमासमोर तोंड उघडायची कुणाची टाप होती? हात मिळायचे आणि चटके चालूच राहायचे.

भाचीने ही रीत मोडली. चौकशी शिवणखात्यातल्या ताईंकडे दिली, कारण त्यांच्यावर दोघांचाही भरवसा होता. मामा भडकले. घरी जेवताना मान वर करेनात.

"घरच्या माणसावर विश्वास नाही होय?"

"आहे मामा. म्हणूनच निकाल मी द्यायचा नाही."

हे बोलताना तिला रडू येत होतं, पण ती मागे हटली नाही.

ताईंनी दोघांना वेगवेगळं ऐकलं, बाकीच्यांनाही विचारलं. मामांच्या मनात डूख नव्हता. त्या प्रेसवर चादर करपू न देणारी ती एकटीच, म्हणून ते तिला तिथे उभं करत. चांगलं काम करणाऱ्याच्या डोक्यावर आणखी काम, ही त्यांची जुनी खोड. हेतू वाईट नव्हता, पण चटके खरे होते, असं ताईंनी स्वच्छ सांगितलं. यापुढे मोठ्या प्रेसवर सगळ्यांची पाळी, जाड हातमोजे, आणि बाकीच्यांना शिकवायला इस्त्रीवाली.

पहिल्या पाळीला मामा स्वतः उभे राहिले. पहिलीच चादर करपली. सगळे खाली मान घालून हसले. घामाघूम मामांनी ती चादर घडी करून बाजूला ठेवली.

"तुझ्यासारखा हात इथे कुणाचाच नाही," ते इस्त्रीवालीला म्हणाले. "हे मी आधीच सांगायला हवं होतं."

"मला वाटायचं, तुम्हाला मी इथे नकोच आहे," ती म्हणाली, आणि त्यांच्यापुढे दुसरी चादर पसरली.