चौथा खड्डा

मित्रांनो, माझ्या अंगावर ओरखडे आहेत, वयही झालं आहे. पण मी भंगार नाही. मी एक ध्वनियंत्र आहे. ध्रुवाजवळच्या समुद्रात बर्फाखाली राहायचं, वर आवाज सोडायचा आणि तो परत यायला किती वेळ लागतो त्यावरून बर्फाचा तळ मोजायचा, हे माझं काम. वरून सपाट दिसणारा बर्फ खालून तसा नसतो. तिथे उलटे डोंगर लोंबतात.

सहा मोहिमांत माझं कौतुक झालं. सातव्या मोहिमेतल्या माझ्या नोंदी मात्र फारच खडबडीत आल्या.

"तळ इतका ओबडधोबड असूच शकत नाही. यंत्र बिघडलंय. नोंदी पुसा, यंत्र भंगारात द्या," मोठे साहेब म्हणाले.

माझ्यासोबत मोहिमेवर गेलेल्या प्रज्ञाने पंधरा दिवस मागून घेतले आणि मला सौसरजवळच्या बोरगावला, आपल्या घरी आणलं.

शेतातल्या पाण्याच्या टाक्यात तिने मला तळाशी ठेवलं. तिचे वडील गुलाब यांनी सौसरहून बर्फाची लादी आणली, लेकीच्या नकळत एका बाजूला छन्नीने खड्डे पाडले आणि लोखंडी हुकाने ओढत लादी पाण्यात पालथी सोडली. प्रज्ञाने मला दोरीने हळूहळू लादीखालून सरकवलं.

"बाबा, चार खड्डे."

"तीन! तुह्या मशीनले चष्मा लागला वाट्टे."

तिने मला पुन्हा सरकवलं. मी पुन्हा चारच सांगितले.

"बाबा, थे चारच दाखवून राहिलं."

"मंग साहेब खरंच म्हनते. दे फेकून!"

प्रज्ञाचा चेहरा उतरला. मला क्षणभर स्वतःचीच शंका आली. तिसऱ्यांदा मोजलं. चार.

"भांडता कायले?" तिची आई पुष्पा म्हणाली. "लादी पलटून पाहा नं. बर्फ का तुमच्यासाठी थांबते?"

तिघांनी लादी उलटली. तीन खड्डे छन्नीचे होते. चौथा, कडेला, मुठीएवढा. हुक रुतून तिथला टवका उडाला होता.

गुलाब डोकं खाजवत राहिले. "हा तं म्याच केला. मलेच मालूम नाही!"

"अन् म्हने मशीनले चष्मा," पुष्पा हसली.

प्रज्ञाने लादीचे फोटो आणि माझी मोजमापं साहेबांकडे पाठवली. माझ्या नोंदी पुसल्या गेल्या नाहीत.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ पुसा, शंका आली तर खुशाल तपासा. पण आमचं सांगणं आवडलं नाही म्हणून आम्हाला फेकू नका. तळ खडबडीत असेल, तर मी खडबडीतच सांगणार.