टीका जवळजवळ शून्य

लास्माने लाल पेनाने अशी रेघ ओढली की कागद फाटला आणि खालच्या पानावरही ओरखडा उमटला. मग तिने पेन खाली ठेवलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि मोठ्याने म्हणाली, "मूर्ख मुलगी!" खोलीत कुणी नव्हतं. असतं तरी तिने तेच म्हटलं असतं.

समोर विदुरीचा पीएचडीचा प्रबंध पडला होता. जावा बेटावरच्या जोगजा शहरातल्या विद्यापीठात भाषाविज्ञान विभागातला प्रत्येक प्रबंध परीक्षेआधी लास्मा मानुरुंगच्या टेबलावरून जायचा. विषय ध्वनींचा असो, वाक्यरचनेचा असो, नाहीतर डोंगरापलीकडच्या एखाद्या बोलीचा, शेवटची तळटीप वाचल्याशिवाय ती सोडायची नाही. निष्कर्ष पुराव्यावर उभा आहे की लेखकाच्या हौसेवर, हे तिला नुसत्या वासावरून कळतं, असं विद्यार्थी म्हणत. ती मूळची सुमात्राची, तोबा सरोवराकाठच्या बाटाक जमातीची. तिच्या गावात माणसं प्रेमाने बोलत असली तरी वाटावं, आता हातघाईवर येणार. इथे जावात माणसं भांडत असली तरी वाटतं, चहाला बोलावतायत. लास्माला इथे येऊन वीसेक वर्षं झाली होती, पण आवाज काही खाली आला नव्हता.

विदुरीचा विषय चांगला होता, हेच तिला जास्त लागत होतं. जावातला शिक्षक विद्यार्थ्याला त्याची चूक कशी दाखवतो? त्यासाठी विदुरीने वर्षभर विभागातल्या शिक्षकांच्या खोल्यांत त्यांच्या परवानगीने रेकॉर्डर ठेवला होता. मार्गदर्शनाची सगळी संभाषणं तिने उतरवून काढली आणि परदेशातल्या एका कार्यशाळेत शिकलेल्या पद्धतीने एकेका वाक्याला खूण केली: प्रश्न, सूचना, स्तुती, टीका, गप्पा. मग मोजदाद केली. चौथ्या प्रकरणात निष्कर्ष होता: टीका जवळजवळ शून्य. जावातले मार्गदर्शक चूक दाखवायचं टाळतात, आणि विद्यार्थी वाऱ्यावर सोडला जातो.

लास्माने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि मागची परिशिष्टं उघडली. तिची सवयच होती ती. निष्कर्ष वाचून झाला की आधी माल बघायचा. एका पानावर पाक मार्दियोनो, म्हणजे विदुरीचेच मार्गदर्शक (इथे सरांना 'पाक' म्हणतात, बाईंना 'बू'), दुसऱ्या एका विद्यार्थ्याशी बोलत होते.

शिक्षक: नकाशाचे रंग फार सुंदर आलेत.
विद्यार्थी: धन्यवाद, पाक.
शिक्षक: आमच्या शेजाऱ्याने विहीर खणली. स्वयंपाकघराला जवळ पडते म्हणून अगदी दाराशीच खणली.
विद्यार्थी: पाणी लागलं का, पाक?
शिक्षक: विहीर देखणी झालीय.

समासात विदुरीच्या नेटक्या अक्षरात खुणा होत्या: स्तुती, गप्पा, गप्पा.

लास्मा एकटीच हसली. त्या बिचाऱ्या विद्यार्थ्याने सोयीची गावं निवडून बोली गोळा केली होती आणि हाती काही लागलं नव्हतं. पाक मार्दियोनोंनी त्याची पार सालटी काढली होती. याहून जास्त टीका ती स्वतः ओरडून ओरडूनही करू शकली नसती. आणि विदुरीने, क्लातेनजवळच्या खेड्यात वाढलेल्या अस्सल जावी मुलीने, ती गप्पांत टाकली होती.

हे ऐकू यायला लास्माला स्वतःला फार किंमत मोजावी लागली होती. इथे शिकायला आली त्या पहिल्या वर्षी तिच्या निबंधाबद्दल शिक्षक म्हणाले होते, "टायपिंग अगदी स्वच्छ आहे." तिने आनंदाने घरी फोन केला. वडिलांनी डुक्कर कापून गल्लीला जेवण घातलं. पुढच्या महिन्यात ती नापास झाली. त्यानंतर इथे कुणी कौतुक केलं की ती घरी जाऊन सगळं पहिल्यापासून तपासायची.

दुपारी ती पाक मार्दियोनोंच्या खोलीत शिरली. दार वाजवायच्या भानगडीत ती पडली नाही. ते खिडकीतल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याला दाणे घालत होते.

"पाक, तुम्ही या प्रबंधावर सही केलीत?"

"बसा, बू लास्मा. जेवलात?"

"जेवले. तिने लिहिलंय की तुम्ही विद्यार्थ्यांना काही शिकवतच नाही. तुमची सही आहे खाली!"

"मुलगी कष्टाळू आहे," ते म्हणाले.

"तिला सांगितलंत का काही?"

"सांगितलं की." त्यांनी पिंजऱ्याचं दार हळूच लावलं. "तिला म्हटलं, मोजदाद फार नीट केलीस."

लास्माने कपाळाला हात लावला. "मग काय म्हणाली?"

"धन्यवाद म्हणाली." त्यांनी दाण्यांची वाटी खाली ठेवली. "पहिल्या वर्षी तिला सगळं कळायचं. मी नुसता खोकलो तरी परिच्छेद बदलून आणायची. आता तिच्याकडे तक्ते आहेत." मग ते हसले. "तुम्हीच सांगा ना तिला. तुमचं बोलणं स्पष्ट असतं."

सांगायचं तर परीक्षेआधीच सांगायला हवं होतं. जाहीर तोंडी परीक्षा म्हणजे नुसता सोहळा. आईवडील फुलं घेऊन येतात, नातेवाईक खाऊचे डबे वाटतात, आणि एवढ्या माणसांसमोर कुणालाही नापास करत नाहीत. तिथे एकदा हे पार पडलं की प्रबंध छापला जाणार, आणि पुढची पन्नास माणसं 'जावात टीका करत नाहीत' म्हणून त्याचा हवाला देणार. शिवाय सेमारांगच्या एका महाविद्यालयाने विदुरीसाठी जागा धरून ठेवली होती. नवं सत्र सुरू व्हायच्या आत पदवी हातात हवी, एवढीच त्यांची अट. सगळ्या खुणा पुन्हा करायच्या म्हणजे ती जागा गेलीच. लास्माला हे सगळं माहीत होतं. तिला वाईटही वाटत होतं. पण खोटा निष्कर्ष तो खोटाच.

दुसऱ्या दिवशी विदुरी आली. तिशीची, सडपातळ, हातात वही. लास्माने भीडभाड ठेवली नाही.

"तुझं चौथं प्रकरण फेकून दे."

"हो, बू."

"हो काय! ऐक आधी. तू माणसांची भाषा मोजायला निघालीस आणि परक्या मापाने मोजलीस. तुझ्या परिशिष्टात पानापानावर टीका आहे. तुझ्या डोळ्यांना दिसत नाही ती. ही विहिरीची गोष्ट काय गप्पा आहे? अगं, तुझी आजी असती तर तिनेसुद्धा ओळखलं असतं!"

"हो, बू." विदुरी हसतमुखाने लिहून घेत होती.

"सगळ्या खुणा पुन्हा कर. सहा महिने लागले तरी चालतील."

"खूप खूप धन्यवाद, बू."

ती वाकून नमस्कार करून गेली. लास्माला हलकं वाटलं. पाणी प्यायला ती बाहेर आली, तर जिन्याच्या वळणावरून विदुरीचा आवाज येत होता. कुणी मैत्रीण विचारत होती, काय झालं म्हणून.

"ओरडल्या खूप. फेकून दे म्हणाल्या."

"अगंबाई!"

"छे गं, त्यांचं काय घेऊन बसलीस! बाटाक आहेत त्या. परवा फोटोकॉपीवाल्यावरही अशाच ओरडत होत्या. मनाने चांगल्या आहेत."

दोघी हसल्या. त्या हसण्यात द्वेष नव्हता, उलट मायाच होती, म्हणून लास्मा तशीच पाणी न पिता परत फिरली. वीस वर्षं ती या इमारतीत घसा फोडून खरं सांगत आली होती. आणि वीस वर्षं ही माणसं तिचं बोलणं हवापाण्यासारखं सहन करत आली होती. ऐकत कुणीच नव्हतं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आठवड्याने सुधारलेला प्रबंध आला. दोन स्वल्पविराम हलले होते, संदर्भसूचीत एक नाव वाढलं होतं. ऋणनिर्देशात 'बू लास्मा यांच्या मोलाच्या आणि सखोल टीकेबद्दल' असं एक नवं वाक्य आलं होतं. चौथं प्रकरण जसंच्या तसं होतं.

लास्माने लाल पेन हातात घेतलं. बराच वेळ घेऊन बसली. मग ते खणात टाकलं आणि विदुरीला निरोप धाडला.

विदुरी आली तेव्हा टेबल आवरलेलं होतं. त्यावर झाकण घातलेले चहाचे दोन पेले आणि बशीत मुगाच्या पुरणाचे बाक्पिया.

"ये, बस," लास्मा म्हणाली. आवाज इतका खाली आणायचा तिला सराव नव्हता, तो मध्येच घोगरा झाला. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे, बू. परीक्षेला येणार आहे. मावशाही येतायत." विदुरीने वही उघडली.

"वा." लास्माने प्रबंध उचलला, दोन्ही हातांनी. "अनुक्रमणिका छान झालीय."

"धन्यवाद, बू."

"बांधणीही नेटकी. कुठे करून घेतलीस?"

"मागच्या रस्त्यावर." विदुरीचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ती पुढच्या वाक्याची वाट बघत होती.

"चांगलं काम करतो तो माणूस." लास्माने एक पेला तिच्याकडे सरकवला. "चहा घे."

विदुरीने लास्माच्या हाताकडे पाहिलं, मग टेबलावर इकडे तिकडे. लाल पेन कुठेच नव्हतं. तिचं हसू तसंच होतं, पण आता ते चेहऱ्यावर नुसतं राहून गेल्यासारखं दिसत होतं.

"आणि चौथं प्रकरण, बू?"

लास्माने पानं उलटली, तिथे पोचली, मान हलवली. "तक्त्यांच्या रेघा अगदी सरळ आल्यात."

विदुरीचा चेहरा उतरला. आधी ओठांवरचं हसू गेलं, मग रंग. लास्माला ते सगळं दिसत होतं आणि तिला उठून तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटत होता. ती जागची हलली नाही.

"बू," विदुरी अगदी हळू म्हणाली, "तुम्ही ओरडा ना माझ्यावर. मागच्या वेळेसारखं."

"तू फार कष्ट घेतलेस, विदुरी."

ते खरं होतं, आणि त्या खोलीत याहून वाईट काही बोलता आलं नसतं.

विदुरीने मान खाली घातली. मग ती बोलली ते लास्माला उद्देशून नव्हतं.

"हे आत्ताचं बोलणं मी उतरवून घेतलं असतं, तर प्रत्येक वाक्यापुढे 'स्तुती' लिहिलं असतं."

लास्माने बाक्पियाची बशी तिच्याकडे सरकवली.

"पाक म्हणाले होते, मोजदाद फार नीट केलीस. मी ते आईला सांगितलं. आईने विचारलं, मग आता काय करणार? मला कळलंच नाही ती असं का विचारतेय." तिने वही मिटली. वहीत एक अक्षरही पडलं नव्हतं. मग तिने प्रबंध ओढून छातीशी धरला. "सेमारांगला मी आजच कळवते, बू. त्यांना थांबता येणार नाही. मावशांनाही कळवायला हवं."

"चहा राहिला," लास्मा म्हणाली.

विदुरीने उभ्याने एक घोट घेतला, रीतीपुरता, वाकून नमस्कार केला आणि गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली नाहीत.

लास्मा बसून राहिली. आजवर तिने कितीतरी विद्यार्थ्यांना रडवलं होतं, पण त्यातला कुणी असा गेला नव्हता. ते डोळे पुसत, तिला नावं ठेवत, पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचे. आपल्या ओरडण्यात किती जागा मोकळी सुटत होती, माणसाला निसटून जायला, हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

दाराशी पाक मार्दियोनो येऊन थांबले. घरी निघाले होते, हातात छत्री होती.

"मुलगी येऊन गेली वाटतं. कसं झालं, बू?"

लास्माने वर पाहिलं. "छान झालं, पाक," ती म्हणाली.

पाक मार्दियोनो क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी छत्री दाराला टेकवली, खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले.