पेवातले महाराज आणि भिलाबाबाचा कंदील

"सरका रे! शिळा उचलू द्या!"

"दोन प्रहर व्हई ग्यात. आते काय निघी? हाडं!"

"गप बठ, भो. महाराज शेतस ते!"

मारुतीच्या पारामागं अख्खं गाव लोटलं होतं. पारावर मावले नाहीत ते निंबावर चढले होते, आणि निंबाच्या सगळ्यात मजबूत फांदीवर तलाठीबुवा बसले होते, पगडीसकट. मी कुठे होते म्हणता? सगळ्यात पुढं! सातवीची परीक्षा देणारी मुलगी मागं उभी राहते होय?

चौघांनी पेवाच्या तोंडावर लिंपलेला चिखल फोडला आणि शिळा सरकवली. आतून आधी कमंडलू आला, मग दाढी आली, आणि दाढीच्या मागोमाग वायुभक्ष महाराज आले. सूर्य उगवताना आत बसलेला माणूस भर दुपारी बाहेर आला, तोही हसत!

"वायुभक्ष महाराज की जय!"

ज्यांच्याकडे पेव नसतं त्यांना यात नवल काय ते कळायचं नाही, म्हणून सांगते. पेव म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खणलेली धान्याची कोठी. तोंड घागरीसारखं अरुंद, पोट खोलीएवढं. शिळा लिंपली की मुंगीलाही वाट नाही. आणि पेव माणूस खातं, हे आमच्या तापीकाठी रांगतं पोरसुद्धा जाणतं. गेल्या सालीच भिकुबाईचा दोधू घाईघाईनं जवारी काढायला उतरला. वरून हाक मारली तर ओ नाही. तरणाताठा दोधू, उतरला त्याच दोराला बांधून वर काढावा लागला. तेव्हापासून भिकुबाई पेवाच्या वाटेनं जात नाही, लांबून वळसा घालते.

तसल्याच पेवात हा माणूस दोन प्रहर बसला होता. मग गाव वेडं होणार नाही तर काय होणार?

महाराजांनी हात वर केला. "बालकांनो! श्वास हा उंदीर आहे! देह हे धान्य आहे! उंदीर धान्य खातो! मी उंदीर कोंडला!"

कोंडलेला उंदीर तर जास्तच खातो, हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मीही टाळ्याच वाजवत होते. खोटं कशाला सांगू?

मग त्यांच्या टकल्या चेल्यानं चौकटीत बसवलेली एक काळी काच उंच धरली. आत पांढरट, गोलसर काहीतरी चमकत होतं. महाराज गरजले, "विलायतेच्या एकशे आठ डॉक्टरांनी यंत्र लावून माझ्या फुप्फुसाचा फोटो घेतला! योगाचा प्रभाव शास्त्रानं सिद्ध झाला! पहा, आत वायू नाही, नुसतं तेज आहे!"

बाया काचेलाच कुंकू लावायला धावल्या.

इथवर गंमत होती. पुढचं वाक्य ऐकलं आणि माझ्या टाळ्या थांबल्या.

"ज्याला दमा आहे, त्यानं आपल्या घरच्याच पेवात दोन प्रहर बसावं. जिथं कुळाचं अन्न, तिथं कुळाचा प्राण! मी मंत्र देतो. श्वासाचा रोग श्वास कोंडून जाईल. येत्या सोमवारी सूर्योदयाला पहिलं कोण?"

"मी," कुणीतरी म्हणालं. तो आवाज माझ्या काकीचा होता.

जसोदाकाकीनं मला वाढवलं. चौथी झाल्यावर सगळं घर म्हणालं, पोरीला आता चूल दाखवा. एकटी काकी उभी राहिली आणि धापा टाकत, तीन ठिकाणी थांबत म्हणाली, "शिकू... द्या... तिले." तिचा दमा असा. वाक्यसुद्धा सरळ संपू द्यायचा नाही.

घरी आल्यावर मी तिचा पदर धरला. "काकी, तू पेवमा बठू नको ना व!"

"काबरं? महाराज बठनात ना?"

"दोधूभाऊ बी बठना व्हता."

"त्याकडे मंत्र नव्हता." काकी भिंतीला टेकली. "निर्मू, दोन साल व्हयनात, मी आडी झोपेल नही. वळकटीले टेकीसन बठस. तू माले सांग, मी काय करू?"

मी तडक तिच्या नवऱ्याकडे, शांतीलालकाकांकडे गेले. "काका, निदान आधी कंदील तरी सोडा पेवात."

पेव उघडलं की आधी दोराला बांधून पेटता कंदील आत सोडायचा, ही आमची रीत. ज्योत राहिली तर माणसानं उतरायचं, विझली तर पेव दिवसभर उघडं ठेवून परत कंदील सोडायचा. दोधूनं तेवढाच कंटाळा केला होता.

काका म्हणाले, "कंदील सोडा का शक्ती पळी जास. महाराजनी सांगं शे."

म्हणजे पंचाईतच! दुकानदारानं सांगावं की तागडी आणली तर माल नासतो, तसं झालं हे.

गावात कंदील सोडायचं काम भिलाबाबाचं. चाळीस वर्षं तो पेवं उघडतोय. मी त्याच्या झोपडीत जाऊन ठाण मांडलं.

"भिलाबाबा, कंदील काबरं विझस?"

तो दोर वळत होता. वर न बघता म्हणाला, "दाना बी दम लेस, पोरी. जित्ता शे ना तो! पेरा का उगस. ओल लागनी का आखो जोरमा दम लेस. आतली हवा तोच खाई टाकस."

मी ताडकन उभी राहिले. "मंग रिकामं पेव?"

"रिकामं पेव कोनले खास? पेव नही खात. दाना खास."

"महाराजनं पेव?"

"ते रिकामंच शे. मीच झाडं. चुना लावा, चार दिन उघडं ठेवं."

"मग हे तू सांगं काबरं नही?"

भिलाबाबानं आता वर बघितलं. "माले कोनी इचारंच नही."

मी नाचलेच! खरंच सांगते, त्याच्या झोपडीत दोन गिरक्या घेतल्या आणि कोंबड्या उधळल्या. तिसरी गिरकी मात्र अर्ध्यातच राहिली. आमचं पेव रिकामं नव्हतं. त्यात मागच्या सालची जवारी गुडघाभर होती, आणि शिळा पावसाळ्याआधीपासून लिंपलेली.

शनिवारी शहाद्याचे रूपचंद डॉक्टर सायकलवरून गावी येत. आमच्या शाळेच्या ओसरीवर बसून ते खोकल्याच्या माणसांना औषधाच्या बाटल्या देत. मी त्यांना सगळं एका दमात सांगितलं.

"भिलाबाबा बरोबर बोलतो," ते म्हणाले. "एवढ्या रिकाम्या पेवात निवांत बसलेल्या एका माणसाला दोन प्रहर हवा सहज पुरते. आणि जवारीच्या पेवात..." त्यांनी हातातल्या बाटलीचं बूच गच्च दाबलं.

"मग गावाला सांगा ना!"

"मी सांगितलं तर म्हणतील, याच्या बाटल्या खपत नाहीत म्हणून बोलतो. दाखवायला पाहिजे."

"मी दाखवते," मी म्हणाले, आणि तोंडातून गेल्यावर मलाच मोठी मजा वाटली.

डॉक्टर त्या रात्री गावातच राहिले. रविवारी सकाळी मी पारावर चढले. महाराज तुपातला शिरा खात होते. वायुभक्ष बरं का!

"महाराज, तुमच्या पेवात मी बसते. दोन प्रहर. मंत्राशिवाय."

शिरा घशात अडकला. "कन्या भस्म होईल!"

"भस्म झाले तर अंगारा म्हणून वाटा."

गावात खसखस पिकली. काका लाल झाले. "उतर खाले! नाक कापी टाकं पोरीनी!"

तेवढ्यात काकी पुढं आली. आधी तिनं डॉक्टरांकडे बघितलं, मग भिलाबाबाकडे. "पोरले काही व्हई का?"

उत्तरादाखल भिलाबाबानं कंदील पेटवून महाराजांच्या पेवात सोडला. तळाला टेकला तरी ज्योत सरळ. "मी दोर धरीसन बठस," तो म्हणाला.

"बठू द्या तिले," काकी म्हणाली. "ती हसत निंघनी तं मी उद्या बठाना इचार सोडी देसू."

आता कळलं ना, माझ्यावर काय होतं ते?

माझ्या मनगटाला सुतळी बांधली. डॉक्टर वर घड्याळ घेऊन बसले. त्यांनी ओढली की मी ओढायचं. मी नाही ओढलं तर शिळा फोडायची. शिळा बसली, चिखल लिंपला. अंधार असा गच्च की डोळे उघडे आहेत की मिटलेत तेही कळेना. पहिली घटका मी घाबरले, कबूल करते. श्वास वर वर चालला. मग वाटलं, निर्मले, हवा आहे, भीतीच जास्त आहे. सावकाश श्वास घेत राहिले. तो आपोआप लांब झाला. मग मी एकोणतिसाचा पाढा म्हटला, शेंगा खाल्ल्या, मराठ्यांच्या लढायांचे सन पाठ केले, आणि पानिपताच्या आसपास मला चक्क झोप लागली. सुतळीला हिसका बसला की झोपेतच मी परत हिसका द्यायचे.

शिळा सरकली. वरून पन्नास चेहरे.

"जित्ती शे का?"

"भूक लागली!" मी ओरडले.

काय हसलं गाव! मी वर आले तेव्हा वेणीत शेंगांची टरफलं होती. निंबावरून कुणीतरी ओरडलं, "निर्मलानंद महाराज की जय!" तलाठीबुवा हसता हसता एक फांदी खाली आले.

महाराज मात्र तयारीचे. "माझी शक्ती पेवात उरली होती, तिनंच कन्येला राखलं!"

"मग ती शक्ती घेऊन चला आमच्या पेवाकडे," मी म्हणाले. "उद्या माझी काकी बसणार होती तिथं. आज तुम्ही बसा."

अख्खी गर्दी आमच्या वाड्याकडे वळली. चिखल फुटला, शिळा सरकली, आंबूस ऊब वर आली. भिलाबाबानं कंदील सोडला. हातभर खाली गेला आणि ज्योत लवली. आणखी वीतभर गेला आणि विझली. त्यानं तो वर काढला, पेटवला, परत सोडला. परत विझला. तिसऱ्या वेळी कुणी हसत नव्हतं. लांब पिंपळाखाली भिकुबाई उभी होती. आज पहिल्यांदा ती वळसा न घालता पेवापर्यंत आली. विझलेल्या कंदिलाकडे बघत म्हणाली, "मन्हा दोधू... मंत्र नव्हता म्हणीसन नही मरना. कंदील नव्हता म्हणीसन मरना."

काकांनी काकीचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. मग महाराजांकडे वळून म्हणाले, "उतरा, महाराज."

महाराजांनी पेवात डोकावलं, मग दाढी चाचपली. "आज... माझं मौन आहे."

"मौनले हवा लागत नही. बठा!" भिलाबाबा म्हणाला.

महाराज गेले ते असे गेले की चेल्याची एक वहाण आमच्या अंगणात राहिली. आणि चौकटीतली काचही! डॉक्टरांनी ती उन्हात धरली, उलटी केली, परत सुलटी केली, आणि त्यांना हसू आवरेना.

"विलायतेच्या एकशे आठ डॉक्टरांचा फोटो खरा आहे," ते म्हणाले. "फक्त हे फुप्फुस नाही. हा कुणाचातरी गुडघा आहे."

ज्या बायांनी गुडघ्याला कुंकू लावलं होतं त्या एकमेकींच्या पाठीत बुक्क्या घालत हसल्या.

फक्त काकी हसली नाही. "म्हंजे योग बी खोटाच का, डॉक्टर? माले परत वळकटीच?"

डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले. "काकी, मी शिकत होतो तेव्हा एका ठिकाणी योगासनं करणाऱ्यांचा श्वास मोजायचे. मी तिथं बाटल्या धुवायला होतो. एक गोष्ट शिकलो. योग खरा की खोटा ते जयजयकारानं ठरत नाही. मोजून ठरतं. मोजू या?"

मग सुरू झाली आमची खरी मजा. काचेची मोठी बरणी पाण्यानं भरून घमेल्यात उपडी केली, खालून रबरी नळी घातली. एका दमात फुंकायचं. जितकी हवा आत जाईल तितकं बरणीतलं पाणी खाली उतरतं. बरणीला चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीवर बोटाबोटाच्या रेघा आखल्या. काकीनं रोज सकाळी सावकाश श्वास आणि पाठ मोकळी करणारी दोन आसनं करायची, आणि डॉक्टरांची बाटलीही चालूच ठेवायची. शेजारच्या गजराबाईला तसाच दमा, तिनं फक्त बाटली घ्यायची. दोघींना दर शनिवारी मोजायचं.

"माले काबरं आसन नही?" गजराबाई फुरंगटली.

"तू नही करशी तेच तर आमले दखनं शे!" मी म्हणाले. तुलना कशाशी करायची मग?

दोन महिन्यांनी काकीची फुंक तीन बोटं वाढली. गजराबाईचीसुद्धा एक बोट वाढली होती, एकही आसन न करता! मी निराश झाले. डॉक्टर मात्र खूश. "गजराबाईला मोजलं नसतं तर आपण तिन्ही बोटं योगाच्या नावावर लिहिली असती. एक बोट हवापाण्याचं किंवा बाटलीचं. उरली दोन. तीही दोनच बायांवरून. म्हणून म्हणायचं, आशा आहे, अजून मोजू." मग गजराबाईलाही आसनं दिली, आणि आता तिच्या जागी दमेकरी नर्मदाबाई नुसती बाटली घेऊन रुसली आहे.

चमत्कार झाला नाही. काकीला दमा आहे, अजूनही धाप लागते. पण गेल्या आठवड्यात तिनं वळकटी अर्धी केली आणि तिरकी का होईना, आडवी झोपली. सकाळी मला उठवून एका श्वासात म्हणाली, "ऊठ व निर्मू, शाळाले जावानं नही का?" मधे एकदाही न थांबता! मी बोटांवर मोजलं.

हे वाचून तुम्ही पेवात बसायला जाऊ नका हं, रिकाम्यासुद्धा नको. माझ्या मनगटाला सुतळी होती आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाला शहाणी माणसं होती. एवढंच करा. उद्या कुणी दाढीवाला, कोटवाला किंवा चौकटीत काच घेतलेला येऊन म्हणाला, शास्त्रानं सिद्ध आहे, डोळे मिटून उतरा, तर भांडू नका, त्याच्या पायाही पडू नका. हसत म्हणा, "उतरतो की! पण थांबा, आधी कंदील सोडू."

आणि तो म्हणाला की कंदिलानं शक्ती पळते, तर पळू द्या. वहाण राहिली तर तेवढी परत द्या.