पहिला भुंगेरा

तनुजाच्या पोटात दुखायला लागलं ते काळेवाडीत, तिच्या विद्यार्थिनीच्या, स्वरूपाच्या घरी, चहाचा दुसरा घोट घेताना. समोर स्वरूपाच्या वडिलांनी, हिंदुरावांनी, एकोणीस वर्षांची एकोणीस रजिस्टरं मांडली होती. चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत, पेंट शॉपच्या तपासणीत त्यांनी जन्म काढला. ओल्या रंगात किडा चिकटला की गाडी पुन्हा घासायची. बाकीचे लोक 'डाग' एवढंच लिहून मोकळे व्हायचे. हिंदुराव मात्र चिमट्यानं किडा उचलून, तारीख घालून, सेलोटेपनं रजिस्टरात चिकटवायचे. लोक हसायचे. हसोत बापडे!

"कंपनी ही रजिस्टरं रद्दीत घालणार होती, मॅडम. पप्पांनी मागून घेतली," स्वरूपा कौतुकानं म्हणाली आणि पोहे आणायला आत गेली.

तनुजाचा सगळा अभ्यास पिकांची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीच्या भुंगेऱ्यांचा. उन्हाळा सरताना ते जमिनीतून वर येतात. पहिला भुंगेरा कधी दिसतो, हे ती पंधरा वर्षं चऱ्होलीत मामाच्या रानात दिवा लावून टिपत होती. तारीख दहा दिवस अलीकडे सरकली होती. हवा तापतेय, लवकर येणाऱ्या भुंगेऱ्यांचीच पिलावळ टिकतेय आणि अख्खी जातच बदलत चाललीय, असं तिचं म्हणणं. त्यावरच तिचं नाव झालं होतं. आणि आता ही दोन वर्षांपूर्वी आलेली विद्यार्थिनी बापाच्या कपाटातून एकोणीस वर्षांचे पहिले भुंगेरे काढून बसली! पंधरा वर्षं डासांकडून कुणी चावून घेतलं? आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! खरं तर तिच्याच म्हणण्याला पुरावा मिळत होता, आनंद व्हायला हवा होता. पण मत्सराला हिशेब कुठं कळतो.

हिंदुराव सहज बोलून गेले, "आधी रंगवलेल्या गाड्या आठ-दहा दिवस यार्डात उभ्या असायच्या, मग तपासणी. सहा वर्षांमागं नवी लाईन आली, तवापासनं त्याच दिवशी."

तनुजाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे जुन्या रजिस्टरांतल्या तारखा किडा चिकटल्याच्या नव्हत्याच, तपासणीच्या होत्या. जुनी वर्षं उगाच उशिराची दिसणार, आणि भुंगेरा न हलताही लवकर आल्यासारखा वाटणार. स्वरूपा पोहे घेऊन आली तेव्हाच हे सांगायला हवं होतं. तनुजा मूग गिळून बसली. पुढचे दोन महिने स्वरूपा प्रत्येक आलेख दाखवायला यायची आणि ती "छान" म्हणायची. पडू दे तोंडावर, चार लोकांत पडू दे, असंच तिच्या मनात होतं.

कीटक-अभ्यासकांची परिषद चिंचवडला होती. हिंदुराव इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. पडद्यावर स्वरूपाची काळी रेघ होती, तिच्या जोडीला तनुजाचे लाल ठिपके, आणि वर्षागणिक अलीकडे सरकणारी तारीख दाखवत दोन्ही हातात हात घालून खाली उतरत होती. "हे सगळं मॅडमनी शिकवलं," स्वरूपा म्हणाली. टाळ्या पडल्या. तनुजाच्या अंगाची लाही लाही झाली आणि ती माईक मागून घेऊन उठली.

"या तारखा किडा चिकटल्याच्या आहेत, की तपासणीच्या?"

स्वरूपानं गोंधळून वडिलांकडे पाहिलं. हिंदुराव उभे राहिले.

"तपासणीच्या, मॅडम. नवी लाईन येईस्तोवर गाड्या आठ-दहा दिवस यार्डात थांबायच्या, ते मी तुमाला घरी सांगितलं हाय की! मला वाटलं, तुमचं दोघींचं बोलणं झालं असंल."

स्वरूपानं मॅडमकडे एकदाच पाहिलं. मग ती लॅपटॉपवर वाकली आणि जुन्या वर्षांतून आठ दिवस वजा केले. रेघ सरळ आडवी झाली. एकोणीस वर्षांत भुंगेरा जागचा हलला नव्हता. खाली उतरत होते ते फक्त लाल ठिपके, आणि आता सगळं सभागृह त्यांच्याकडेच बघत होतं.

हिंदुराव अजून उभेच होते. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. जन्मभर तपासणी केलेला माणूस, विचारून मोकळा झाला. "मॅडम, आमच्याकडं तिन्ही शिफ्टला लाईट. किडा कवाबी आला तरी घावायचाच. तुमी रानात दिवा दरसाल किती तारखेपासनं लावता?"

तनुजाला सगळ्या तारखा आठवल्या. पहिल्या वर्षी ती एक जूनला गेली होती, आणि दोन जूनला भुंगेरा दिसला होता. मग दुसरे अभ्यासकही भुंगेरे शोधत आसपासच्या रानांत फिरायला लागले. पुढच्या वर्षी ती एकोणतीस मेला गेली, त्यानंतर पंचवीस मेला. यंदा तर पाच मेपासूनच बसली होती, आणि तेवीस मेला भुंगेरा दिसला होता. त्या पहिल्या वर्षी मे महिन्यात भुंगेरे उडालेच नव्हते, असं कोण सांगणार? तेव्हा रानात दिवाच नव्हता.

"दरवर्षी... थोडा आधी लावते," ती कशीबशी म्हणाली.

"का, मॅडम?" स्वरूपानं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

माईक अजून तनुजाच्या हातातच होता.

"माझ्याआधी दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून."