चौथी ओळ

नाथाजी मास्तरांनी इस्लामपूरच्या शाळेत एकवीस वर्षं पोरांकडून शाहीर गुंडाचा पोवाडा पाठ करून घेतला, पण शेवटच्या कडव्याची चौथी ओळ त्यांना कधी मिळाली नाही. ज्याला विचारावं तो तीन ओळी म्हणून खोकायचा. शेवटी मास्तरांनी स्वतःचीच एक ओळ जुळवून घुसडली, आणि ती त्यांना दातात अडकलेल्या सुपारीसारखी छळत राहिली.

खरी ओळ त्यांच्या सासुरवाडीमागच्या टेकाडावर, शाहिराच्या शिळेत कोरलेली आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण जावई गेला की त्याला घोंगडीवर बसवायचं, पोट फुटेस्तोवर जेवू घालायचं आणि तिथंच आडवा करायचा. जावयानं एकट्यानं रानोमाळ हिंडणं म्हणजे मेव्हण्याला, आकारामला, घराचा अपमान वाटे.

चव्वेचाळीस साली मास्तरांना जबलपूरच्या फौजी कोठारात कारकुनी मिळाली. गुरुवारी निघायचं होतं. जाण्याआधी आपल्या मुलखातलं राहिलेलं बघून घ्यायचं म्हणून सोमवारी त्यांनी धापा टाकत मच्छिंद्रगड उरकला. मंगळवारी सासुरवाडी. आकारामनं निरोपाच्या पुरणपोळीवर तीन वाजवले. मग मात्र मास्तर भरल्या ताटावरून उठले आणि बायकोला, तानुबाईला, घेऊन टेकाड चढले.

शिळा होती, पण अक्षर एक दिसत नव्हतं. वर बोटभर जाड शेंदूर. शाहिराचा लोकांनी देव करून टाकला होता. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साऱ्या गावाला अडाणी ठरवत त्यांनी खिशातला चाकू उघडला.

तानुबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"आवं, खरवडू नगा. त्यो शेंदूर माजा हाय."

त्यांचा मुलगा अर्जुना ब्रह्मदेशच्या लढाईवर गेल्यापासून ती माहेरी आली की एक थर चढवायची. ज्यांची ज्यांची पोरं फौजेत, त्या सगळ्याच बायका चढवत. गुंडा म्हणे लढाईवरून धडधाकट परत आला होता. तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही, असं ती म्हणाली.

"चार महिनं झालं, पोराचं पत्तर न्हाई. आता जबलपुरातनं मी कवा येनार हितं?"

मास्तरांना एकवीस वर्षांचा राग आला. तिचा, गावाचा, त्या मुक्या दगडाचा. ओळ बोटभर शेंदराखाली होती आणि गुरुवारी गाडी होती. 

मग त्यांनी चाकू मिटला. तानुबाईच्या पदराच्या गाठीतला शेंदूर मागून घेतला, शिळेपुढच्या पणतीतल्या तेलात कालवला आणि चौथी ओळ जिथं असावी तिथं रागारागानं, स्वतःच्या हातानं, जाड थापला.